सीमापार वीजव्यापाराचा पणजीतील वर्ग : एक अभिप्राय

पणजीतील एका खासगी संस्थेचा हा एकदिवसीय वर्ग वीज क्षेत्रातील अभियंत्यांनी अवश्य करावा. केंद्रीय वीज नियामक आयोगाचे 2019 चे सीमापार वीजव्यापारविषयक विनियम शिक्षकांनी सावकाश उलगडले. नेपाळची 40 मेगावॅट वीज भारताच्या ग्रिडमधून बांगलादेशात कशी जाते, हे त्यांनी फळ्यावर मुझफ्फरपूर (बिहार, जिथे नेपाळची वीज भारतात येते) आणि बहरामपूर (पश्चिम बंगाल, जिथून ती बांगलादेशात जाते) ही नावे लिहून, बाण काढून दाखवले. जवळजवळ सगळी वीज बाहेरून घेणाऱ्या आम्हां गोवेकरांना हा विषय परका नाही. छापील टिपणांत मात्र केवळ शेजारी देशासाठी उभारलेल्या प्रकल्पाला ठरावीक परिस्थितीत देशातही वीज विकण्याची वाट मोकळी करणारी, विद्युत मंत्रालयाने आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत ऑगस्ट 2024 मध्ये केलेली दुरुस्ती नव्हती. भरभक्कम शुल्क घेणाऱ्या संस्थेने ती तातडीने जोडायला हवी.