बोटीवरची नोकरी, घरचं कर्ज: नादारीचा अर्ज की लोकअदालतीतली तडजोड?

गेल्या दोन वर्षांत बोटीवरच्या तिघांनी मला हाच प्रश्न विचारला. तिघंही क्रूझवर, सहा-सात महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट करून घरी येणारे, आणि तिघांचं कर्ज मार्च २०२० मध्ये बोटी बंद पडल्या तेव्हापासून थकलेलं. रिझर्व्ह बँकेची हप्त्यांची सवलत ३१ ऑगस्ट २०२० ला संपली, पण आमच्यातल्या बहुतेकांना जॉइनिंग मिळायला त्यानंतर वर्ष उलटलं. माझं तर नोव्हेंबर २०२१ उजाडलं. तोवर एका बँकेचं पर्सनल लोन, दुसरीचं क्रेडिट कार्ड आणि गावातल्या पतसंस्थेचं कर्ज मिळून व्याजासकट नऊ लाखांच्या वर थकबाकी झाली होती.

मी आधी नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज केला, मग तो मागे घेतला आणि तडजोड केली. म्हणून दोन्ही वाटांबद्दल थोडं सांगू शकतो. मी वकील नाही. तुमची कागदपत्रं वकिलाला दाखवल्याशिवाय यातलं काही करू नका.

सुरुवातीला एक गैरसमज बाजूला ठेवतो, कारण मीही त्यात दोन महिने घालवले. दिवाळखोरीचा २०१६ चा नवा कायदा व्यक्तींसाठीही आहे, हे खरं. त्यात अगदी गरीब कर्जदारासाठी ‘नवी सुरुवात’ नावाची तरतूदही आहे. वर्षाचं उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत आणि कर्ज ३५,००० पर्यंत, अशा तिच्या मर्यादा. पण व्यक्तींचा तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांपुरता लागू झालाय. तुमच्या-माझ्यासारख्यांना अजून जुनाच कायदा आहे: मुंबई शहरात १९०९ चा, बाकी महाराष्ट्रात १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. म्हणजे जायचं ते न्यायाधिकरणात नाही, तर मुंबई शहरात उच्च न्यायालयात आणि बाकीकडे जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयात.

तर त्या जुन्या कायद्याबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण ते त्याला द्यायला हवं. पाच-सहा देणेकरी, म्हणजे ज्यांचं आपण देणं लागतो ते, वेगवेगळ्या दिशांनी ओढत असतील, तर सगळ्यांना एकाच दारात आणणारा दुसरा मार्ग नाही. नादार ठरल्यावर न्यायालयाच्या परवानगीशिवाय कोणी नवा दावा लावू शकत नाही. खासगी उसनवारीही देण्यांच्या यादीत येते, आणि आपल्यातल्या कित्येकांचं खरं दुखणं तेच असतं. अर्जासाठीची किमान कर्जाची रक्कम अजूनही ५०० रुपये आहे, इतका तो कायदा जुना. शेवटी सुटकेचा आदेश मिळाला, की राहिलेलं बहुतेक देणं कायमचं पुसलं जातं. ज्याच्याकडे देण्यासारखं खरोखर काही उरलं नाही, त्याला याहून मोठा दिलासा मला तरी माहीत नाही.

सुटकेची एक अट मात्र ऐकून ठेवा. तुमची मालमत्ता विनातारण कर्जाच्या रुपयाला आठ आणे भरेल इतकीही नसेल, तर पूर्ण सुटका नाकारली जाते. अपवाद एकच: ही अवस्था तुमच्या दोषाशिवाय आली, हे तुम्ही न्यायालयाला पटवून द्यायचं. बोटी बंद पडल्याची कागदपत्रं माझ्याकडे होती, त्यामुळे त्याची मला फारशी भीती वाटली नाही. माझी गाडी अडली ती दुसरीकडेच.

ती म्हणजे हजेरी.

जुलै २०२२ मध्ये घरी असताना अर्ज दाखल केला. ऑगस्टमध्ये पहिली तारीख, देणेकऱ्यांना नोटिसा. पुढची तारीख ऑक्टोबरची पडली. आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कंपनीचं जॉइनिंग लेटर आलं, बारा दिवसांत निघायचं. बोटीवर नोकरी करणाऱ्याला हे सांगायला नको, की जॉइनिंग नाकारलं तर पुढचं कधी येईल त्याचा भरवसा नसतो. आणि कर्ज फेडायचं तर त्याच पगारातून. मी गेलो.

कायद्याचं कलम २२ कर्जदाराला सांगतं, की हिशेब दे, मालमत्तेची आणि देण्या-घेण्याची यादी दे, आणि न्यायालय किंवा रिसीव्हर (नादाराची मालमत्ता ताब्यात घेणारा, न्यायालयाने नेमलेला माणूस) बोलावील तेव्हा तपासणीला हजर राहा. मुद्दाम टाळलंत तर कलम ६९ मध्ये एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. वकिलांनी एक तारीख वाढवून घेतली. दुसऱ्या वेळी एका बँकेच्या वकिलाने उभं राहून सांगितलं, की अर्जदार देणेकऱ्यांना चुकवायला देशाबाहेर गेलाय. हा त्याने हवेतून काढलेला मुद्दा नव्हता. त्या उद्देशाने देशाबाहेर जाणं किंवा बाहेर राहणं हे कलम ६ प्रमाणे नादारीचं कृत्यच आहे. माझा उद्देश तसा नव्हता, माझ्याकडे कॉन्ट्रॅक्ट होतं, सीडीसीवर, म्हणजे खलाशाच्या सेवापुस्तिकेवर, शिक्के होते. पण ते दाखवायला मी तिथे नव्हतो. बायकोने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मी मेक्सिकोत कोझुमेलच्या धक्क्यावर उभा होतो आणि परत बोटीवर चढायला चाळीस मिनिटं उरली होती. त्या दिवशी संध्याकाळच्या शिफ्टमध्ये माझं कशातच लक्ष नव्हतं.

मुखत्यारपत्र देऊन भागत नाही का, असं सगळेच विचारतात. बायकोच्या नावे केलेलं होतं. अर्ज करणं, कागद देणं, तारीख घेणं यासाठी ते चालतं. पण जे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे, म्हणजे पैसा कुठे गेला, कर्ज का काढलं, त्याबद्दल मुखत्यार तुमच्या जागी साक्ष देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे २००५ सालच्या आधीच स्पष्ट केलेलं आहे, असं वकिलांनी मला शांतपणे समजावलं. नादारीच्या कामात नेमकं तेच विचारलं जातं.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. नादार ठरल्यापासून सुटका मिळेपर्यंत तुम्ही जे मिळवाल तेही रिसीव्हरच्या ताब्यात जाऊ शकतं. पगारातला पोटापुरता भाग सोडतात, पण ‘पोटापुरता’ किती, यावर वाद होतो. महिन्याचा पगार ठरलेला असणाऱ्याचा तो वाद एकदाच होत असेल. आपला पगार सात महिने येतो आणि पुढचे तीन-चार महिने शून्य. घरी बसल्याचे महिने हिशेबात धरा, हे प्रत्येक वेळी नव्याने पटवावं लागतं.

एप्रिल २०२३ मध्ये उतरलो आणि अर्ज मागे घेण्याची परवानगी मागितली. हो, परवानगी. एकदा दाखल केलेला नादारीचा अर्ज न्यायालयाच्या संमतीशिवाय मागे घेता येत नाही. त्यात अडीच महिने गेले.

आता तडजोडीकडे. ओटीएसची, म्हणजे एकरकमी तडजोडीची, बोलणी बँकेत थेटही होतात, पण मी ती राष्ट्रीय लोकअदालतीत नेली. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. बँकेचा मॅनेजर बदलला, फाइल वसुली कंपनीकडे गेली, तरी ठरलेली रक्कम ठरलेलीच राहते. आधीच्या तोंडी आश्वासनांचा माझा अनुभव वाईट होता, म्हणून मला हे महत्त्वाचं वाटलं. दावा लागलेला नसला तरी चालतं, प्रकरण दाखलपूर्व म्हणून ठेवता येतं.

तोटे खरे आहेत, लपवत नाही. प्रत्येक देणेकऱ्याशी वेगळं बोलावं लागतं, आणि कोणी नाही म्हटलं तर त्याला भाग पाडता येत नाही. सिबिलमध्ये खातं ‘क्लोज्ड’ न होता ‘सेटल्ड’ दिसतं आणि ते पुढे वर्षानुवर्षं नडतं. रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे तीच बँक तुम्हाला किमान १२ महिने नवं कर्ज देऊ शकत नाही, शेतीकर्जाची गोष्ट वेगळी.

त्याच परिपत्रकातली दुसरी ओळ मात्र आपल्यासाठी सगळ्यात कामाची आहे. ठरलेली रक्कम भरायला तीन महिन्यांहून जास्त मुदत दिली, तर बँकेला ती तडजोड पुनर्रचना म्हणून धरावी लागते. म्हणून बँका नव्वद दिवसांच्या आत सगळं भरा असा हट्ट धरतात. पगारदार माणसाला ही मुदत जाचक वाटते. बोटीवरच्या माणसाच्या हातात साइन ऑफनंतर, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपवून उतरल्यावर, एकदम रक्कम असते आणि त्याच वेळी तो घरीही असतो. आपल्या वर्षाचा आकारच त्या नव्वद दिवसांत बसतो. मी सप्टेंबरच्या लोकअदालतीत बसलो, अर्धी रक्कम महिनाभरात भरली, उरलेली दिवाळीआधी. ऑक्टोबरअखेर जॉइनिंग होतं, पण तोवर माझ्या हजेरीचं काम संपलं होतं. पर्सनल लोन मुद्दलाच्या थोडं वर मिटलं. कार्डवाल्यांनी निम्म्याहून जास्त व्याज आणि दंड सोडला. दुसऱ्या कोणाला एवढंच मिळेल असं म्हणत नाही. माझ्याकडे त्या दिवशी पैसे तयार होते, हे समोरच्याला दिसत होतं.

पतसंस्थेचं प्रकरण वेगळं निघालं. तिथे सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो आणि जामीनदारही त्यात ओढला जातो. माझा जामीनदार चुलतभाऊ. नादारीत माझी सुटका झाली असती, तरी त्याची झाली नसती, कारण सुटकेचा आदेश जामीनदाराला मोकळं करत नाही. हे मला अर्ज दाखल केल्यावर कळलं, आणि त्या रात्री काकांकडे जेवायला बसलो तेव्हा घास उतरेना. तडजोडनाम्यात जामीनदार मुक्त झाल्याचं एक वाक्य घालून घेतलं की भागतं. ते वाक्य स्वतः वाचून घ्या. माझ्या पहिल्या मसुद्यात नव्हतं.

विमानतळावर अडवतील का, ही भीती तिघांनीही बोलून दाखवली. सरकारी बँकांना थेट लुकआउट सर्क्युलर (माणसाला देशाबाहेर जाताना अडवण्याची सूचना) मागण्याचा जो अधिकार दिला होता, तो मुंबई उच्च न्यायालयाने २३ एप्रिल २०२४ रोजी रद्द केला. न्यायालयाचा स्वतःचा मनाईहुकूम असेल तर गोष्ट निराळी. नुसती थकबाकी आहे म्हणून जॉइनिंग सोडू नका, एवढंच म्हणेन. आणि वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेने मनाई केलेली आहे, हे घरच्यांना सांगून जा. आपण तिकडे असतो, फोन तेच उचलतात.

तरीही नादारीचा अर्जच करा असं मी कोणाला सांगेन? ज्याचे देणेकरी सहा-सातच्या वर आहेत, त्यात खासगी सावकार आहेत, साइन ऑफची सगळी रक्कम एकत्र करूनही निम्मं मुद्दल भरत नाही, आणि जो पुढचं वर्ष-दीड वर्ष बोट सोडून घरी राहायला तयार आहे, त्याला. शेवटची अट मी मुद्दाम घातली आहे. ती पाळता येणार नसेल, तर बाकीच्या तिन्ही असूनही मी दहादा विचार करीन. गृहकर्जासारखं तारण असलेलं कर्ज असेल तर त्या बँकेला नादारी तशीही अडवत नाही, ती तारणावर जातेच. चेक न वटल्याचा खटला चालू असेल तर तोही नादारीने संपत नाही. तडजोडीत मात्र तो आपसात मिटवता येतो.

तडजोडीकडे वळणाऱ्यांसाठी काही बारीक गोष्टी. घरी पाठवायची अलॉटमेंट, म्हणजे पगारातला घरचा वाटा, ज्या बँकेचं कर्ज थकलंय तिच्याच खात्यात घेऊ नका. माझे दोन महिन्यांचे पैसे कर्जखात्यात वळते झाले आणि त्या महिन्यांत आईच्या औषधांसाठी बायकोला मंगळसूत्र गहाण ठेवावं लागलं. खातं आधी दुसरीकडे उघडा. मुखत्यारपत्र निघण्याआधी इथेच करून ठेवा. परदेशात करायचं तर वकिलात किंवा अपोस्टिल (तिथल्या सरकारचं प्रमाणीकरण), आणि ते भारतात आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक, एवढं सगळं बंदरावरच्या सहा तासांत होत नाही. हप्ता चुकला तर सवलत रद्द होऊन पूर्ण रक्कम परत उभी राहते का, हे तडजोडनाम्यात पाहा. आणि नो ड्यूज, म्हणजे देणं बाकी नसल्याचा दाखला, हातात पडल्याशिवाय बॅग भरू नका. मी बँकेचं घेऊन निघालो, कार्डाचं राहिलं, आणि ते मिळवायला बायकोने रत्नागिरीला चार खेपा घातल्या.