एकाच टिग मशीनवर तांबे आणि ॲल्युमिनियम: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

जळगावजवळच्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये गेल्या जुलैपासून यंदाच्या मेपर्यंत 200 ॲम्पिअरचे एसी-डीसी टिग मशीन (टंगस्टनच्या टोकातून निघणाऱ्या विजेच्या ज्योतीने, आर्गॉन वायूच्या आवरणाखाली धातू वितळवून जोडणारे वेल्डिंग मशीन) जवळजवळ रोज चालले. दुधाचे कॅन, शिड्या, इंजिनांची ओतीव झाकणे ही ॲल्युमिनियमची कामे होती, तर तांब्यात पाणी तापवण्याचे बंब आणि विजेच्या पॅनेलमधल्या पट्ट्या होत्या. दोन्ही धातू उष्णता झपाट्याने वाहून नेतात, म्हणून त्यांचे वेल्डिंगही सारखेच असेल असे मी सुरुवातीला धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ॲल्युमिनियमची मुख्य अडचण पृष्ठभागाची निघाली आणि तांब्याची उष्णतेची.

ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा 2000 अंशांच्याही वर टिकतो. एसी करंट तो पापुद्रा तोडतो हे खरे असले, तरी त्याच्या भरवशावर सफाईत कसर केली की टाका (वेल्डचा सांधा) काळा पडतो आणि त्यात बारीक छिद्रे राहतात. आता मी आधी ॲसिटोनने तेलकटपणा काढतो आणि नंतर फक्त ॲल्युमिनियमसाठी वेगळ्या ठेवलेल्या स्टेनलेस स्टीलच्या ब्रशने जागा घासतो. हा क्रम उलटा केल्यास तेल धातूत आणखी चोळले जाते. ऑगस्टमधल्या दमट हवेत उघड्या ठेवलेल्या फिलर रॉडने (सांध्यात वितळवून भरायच्या धातूच्या कांडीने) माझी दोन कामे वाया गेली. ओलाव्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत विरघळतो आणि धातू थिजताना त्याचे बुडबुडे आतच अडकतात. तेव्हापासून रॉड बंद नळीत ठेवतो.

उन्हाळ्यातली अडचण निराळीच होती. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर गेल्यावर पंखा किंवा कूलर लावल्याशिवाय काम करणे कठीण होते, आणि त्याच वाऱ्याने आर्गॉनचे आवरण उडून जाते. गॅसचा प्रवाह वाढवल्याने उपयोग झाला नाही. कूलरचे तोंड फिरवून कामाभोवती पत्र्याचा आडोसा केल्यावर आणि नाजूक सांधे पहाटे घेतल्यावर टाके पुन्हा स्वच्छ येऊ लागले.

झाकणांसाठी मी 4043 क्रमांकाच्या मिश्रधातूचा रॉड वापरतो, कारण त्यातल्या सिलिकॉनमुळे ओतीव भागात तडे कमी जातात. 5356 क्रमांकाच्या रॉडचा सांधा अधिक मजबूत असतो, म्हणून तो शिड्यांसाठी राखून ठेवला आहे. मात्र सतत 65 अंशांच्या वर तापणाऱ्या भागाला तो योग्य नाही. वितळण्यापूर्वी ॲल्युमिनियमचा रंग बदलत नाही, त्यामुळे नवख्या हाताला कळण्याआधीच भोक पडते. शिकाऊ मुलांना मी म्हणूनच आधी 3 मिलिमीटरच्या टाकाऊ पट्टीवर, सुमारे 120 ॲम्पिअरवर, आठवडाभर सराव करायला लावतो.

तांबे 1085 अंशांना वितळते आणि उष्णता ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून अधिक वेगाने पसरवते. पहिल्याच 6 मिलिमीटरच्या पट्टीवर पूर्ण 200 ॲम्पिअर देऊनही धातूचे तळे तयार होईना. नुसता फिलर वर बसला आणि नंतर हाताने उचकटला गेला. आता अशी पट्टी गॅस टॉर्चने सुमारे 300 अंशांपर्यंत तापवून, डीसीवर, टिगची टॉर्च निगेटिव्ह (ऋण) टोकाला ठेवून वेल्ड करतो. विजेच्या कामाच्या नेहमीच्या तांब्यात थोडा ऑक्सिजन असतो आणि त्याने सांधा सच्छिद्र होऊ शकतो, म्हणून ऑक्सिजन शोषून घेणाऱ्या घटकांचा रॉडच तिथे लागतो.

बंबांच्या बाबतीत मात्र मी टिग बाजूला ठेवला. हिवाळ्यात गळके बंब बरेच आले. त्यांच्या पातळ पत्र्याला फॉस्फरसयुक्त तांब्याच्या रॉडने ब्रेझिंग करणे (मूळ पत्रा न वितळवता फक्त रॉड वितळवून जोडणे) सोपे जाते, कारण तांब्यावर त्याला वेगळा फ्लक्स (ऑक्साइड काढणारे रसायन) लागत नाही. पितळी तोटीपाशी फ्लक्स लावावाच लागतो, आणि लोखंडाला हा रॉड वापरू नये, तिथे सांधा ठिसूळ होतो. मार्चपर्यंत यातला एकही बंब गळतीसाठी परत आला नाही, याचे मला मनापासून समाधान आहे.

मशीन घेणाऱ्याचे रोजचे काम 5 मिलिमीटरपर्यंतच्या ॲल्युमिनियमचे असेल, तर 200 ॲम्पिअर पुरतात. जाड तांबे नियमित असेल, तर मोठे मशीन घ्यावे किंवा आर्गॉनमध्ये हेलियम मिसळण्याचा खर्च धरावा. दोन्ही धातू एकमेकांना टिगने जोडून देण्याची मागणी मी नाकारतो, कारण त्यांच्या मिश्रणाचा थर काचेसारखा तडकतो. तिथे दोन धातूंचा तयार लग (जोडणीचा तुकडा) घेऊन बोल्टनेच जोडतो.