जिप्सीत स्विफ्टचं टर्बो इंजिन बसवायला देताय? आधी हे वाचा

धुळे, नंदुरबार, जळगाव पट्ट्यात जुन्या जिप्सीत स्विफ्टचं 1.3 टर्बो डिझेल बसवून देतो म्हणणारे गॅरेजवाले भेटतात. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी शेत असलेल्या माणसाला हा बेत पटतोच. 1248 सीसीचं इंजिन, 2000 आरपीएमलाच 190 न्यूटन मीटर टॉर्क (चाकं फिरवायचा जोर), म्हणजे जिप्सीच्या पेट्रोल इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट. इंजिन चांगलंच आहे. मला लुबाडलं ते इंजिनाच्या मागच्या बाजूला, जिथे गिऱ्हाइकाची नजर पोचत नाही.

स्विफ्ट पुढच्या चाकांवर चालते. तिचं इंजिन बॉनेटखाली आडवं असतं आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट त्याच्याच पेटीतल्या बेअरिंगांवर तोललेला असतो. जिप्सीत इंजिन लांबीत बसतं, आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं पुढचं टोक फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या मागच्या टोकाच्या जड चाकाच्या) मध्यभागी एका छोट्या पायलट बेअरिंगमध्ये टेकतं. स्विफ्टच्या इंजिनाला ती सोय नसते, म्हणून लेथवर बुश (बेअरिंग धरणारी धातूची कडी) बनवून ती करून घ्यावी लागते. इंजिन आणि बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या पुढच्या, क्लच झाकणाऱ्या कवचाचे) बोल्टही जुळत नाहीत, मध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट लागते. ती डॉवेल पिनांवर (जागा पक्की धरणाऱ्या खुंट्यांवर) बसवून डायल गेजने, म्हणजे बारीक फरक दाखवणाऱ्या सुईच्या मापकाने, सेंटर तपासायचं. एक दशांश मिलिमीटरच्या आसपास फरक पडला तरी शाफ्ट तिरका ओढला जातो.

हे सगळं मी माझी जिप्सी ज्याच्याकडे दिली त्या गॅरेजवाल्याला विचारलं होतं. "टेन्शन लेऊ नका भाऊ, सगळं होईल," म्हणाला. बुश, बेअरिंग आणि प्लेटचे पैसे बिलात वेगळे लावले, बेअरिंग बसवतानाचा फोटोही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. एकूण सव्वादोन लाख घेतले.

गाडी हातात आल्यापासून क्लच दाबला की किरकिर यायची, पहिला गिअर अडायचा. तो म्हणे, नवीन काम आहे, बसेल हळूहळू. मग तोरणमाळच्या चढावर ऑइलचा दिवा लागला आणि टर्बो शिट्टीसारखा ओरडायला लागला. इंजिन जागेवर बंद केलं आणि गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून जळगावला एका जुन्या मिस्त्रींकडे नेली.

त्यांनी गिअरबॉक्स खाली घेतला आणि मला टॉर्च धरायला लावला. प्लेट गॅस कटरने कापलेली, कडेला वितळलेल्या लोखंडाचे थेंब तसेच. बोल्टची भोकं कानशीने लांबट केलेली, डॉवेल एकही नाही. फ्लायव्हीलच्या मध्यभागी नुसती रिकामी पोकळी. शाफ्टचं टोक अधांतरी फिरून निळं पडलेलं, क्लच प्लेटच्या मधले दाते एका अंगाने झिजलेले. मिस्त्रींनी मला आलेला तो फोटो मागितला, समोरच्या फ्लायव्हीलशी ताडून पाहिला. बोल्टची मांडणीच वेगळी. फोटो भलत्याच गाडीचा होता.

इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचंही तेच. जिप्सीचा पुढचा एक्सल इंजिनाखालीच येतो, म्हणून ऑइलचा चेंबर कापून नवा आकार द्यावा लागतो आणि तेल ओढणारी जाळी नव्या खोलगट भागात न्यावी लागते. याने चेंबर कापून वेल्डिंग मारलं आणि जाळी जुन्याच जागी ठेवली. चढाला तेल मागे सरकलं की जाळी कोरडी. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तो तेलाच्या पातळ थरावरच तरंगत असतो. तेल तुटलं की काही क्षणांत खेळ खल्लास. आमचा टर्बो गेलाच, माणसं वाचली ही देवाची कृपा. घाटात हे उतारावर घडलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने अजून रात्री झोप उडते.

कागदांतला घोळ तर त्याहून वाईट. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी लागते. ती मिळाली सांगून त्याने शिक्क्याचा कागद दाखवला, त्याचे पैसे वेगळे घेतले, मगच काम सुरू केलं. आरटीओत चौकशी केली तेव्हा माझ्या गाडीच्या नंबरवर असा अर्जच नव्हता. आरसीवर आजही पेट्रोल आणि जुनाच इंजिन नंबर आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182क खाली बेकायदा फेरफाराला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे 5000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल ते वेगळंच.

कुणाचं काम सध्या चालू असेल त्यांनी गिअरबॉक्स जोडायच्या दिवशी स्वतः उभं राहावं. बेअरिंगमध्ये बोट घालून बघा, डायल गेजची सुई स्वतःच्या डोळ्यांनी बघा, चेंबर लावण्याआधी जाळी कुठे आहे ते बघा. "फोटो पाठवतो" म्हणाला तर फोटोत तुमच्या गाडीचा चॅसिस नंबर दिसायला हवा. मंजुरीचा कागद आरटीओच्या खिडकीवर दाखवून खात्री करा, तोवर एक रुपयाही देऊ नका.

मी पोलिसांत तक्रार दिली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज भरतोय. त्यासाठी घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. ती कापलेली प्लेट, क्लच प्लेट, बिलं आणि तो फोटो मी जपून ठेवलाय. याच माणसाकडून कुणी असंच फसलं असेल तर त्यांनीही बिलं फेकू नयेत आणि तक्रार नोंदवावी.