सड्यावरचं गणित शिबिर : पैसे वसूल, पण तो हॉल बदला राव

रत्नागिरीजवळ सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, दोन दिवसांचं शिबिर केलं. विषय काय तर अधिवासाचे तुकडे पडले की एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या प्रजातींचं काय होतं ते गणितात मांडायचं, आणि मी बारावीनंतर कॅल्क्युलसला हात न लावलेला माणूस, म्हटलं सगळं डोक्यावरून जाणार. नाही गेलं.

लोटका-व्होल्टेरा, म्हणजे दोन प्रजातींच्या स्पर्धेची जुनी समीकरणं, अर्ध्या तासात गुंडाळलं. खरी मजा लेविन्सच्या १९६९ च्या मॉडेलला, एखादी प्रजाती अधिवासाच्या किती तुकड्यांत टिकते ते सांगणाऱ्या. सरांनी अंगणात खडूने चौकोन आखले (हे अधिवासाचे तुकडे), काजूबिया मांडल्या (ही प्रजाती), पसरण्याचा दर ०.४ आणि नामशेष होण्याचा ०.१ धरला, तर ७५ टक्के चौकोन भरून गाडी थांबते. मग चिरेखाण आली म्हणून चौकोन पुसत जायचे. ७५ टक्के पुसले की बिया हळूहळू शून्यावर, अजून २५ टक्के जागा शिल्लक असताना! दुसऱ्या दिवशी चिंचोके आणले, कमजोर पण भराभर पसरणारे, काजू मात्र पसरायला संथ पण दादा, जाईल तिथून चिंचोक्यांना हाकलणार. जागा कमी होत गेली तर आधी दादाच आउट. टिलमन वगैरे पर्यावरणशास्त्रज्ञांनी १९९४ ला हेच दाखवलं म्हणे, आणि फटका लगेच बसत नाही, उधारीसारखा नंतर वसूल होतो.

आता तक्रार. पत्र्याचा हॉल, दुपारी लाईट गेली, लॅपटॉपवरचं सिम्युलेशन अर्ध्यात बोंबललं आणि इन्व्हर्टर फक्त ऑफिसला. घावणे-चटणी मात्र एक नंबर. चार स्टार, एक पत्र्याने खाल्ला.