येवल्याची पैठणी: रंग कुणासाठी घेताय, ते आधी ठरवा

नाशिकहून येवला साधारण ८५ किलोमीटर. पैठणी नाशिक शहरातही भरपूर मिळते, पण मनाजोगता रंग हवा असेल तर येवल्याला जावं हेच खरं. तिथे आधी रेशीम रंगवतात आणि मग माग लागतो. ऑर्डर देऊन विणून घेतली, तर अंग, काठ आणि पदरावरच्या नक्षीचा रंग तुमच्या पसंतीने ठरतो. एकदा ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर चढला की मात्र बदल नाही. त्यामुळे साडी कोण नेसणार आणि कुठे नेसणार, हे विणकराला पहिल्याच भेटीत सांगा.

हातमागाच्या पैठणीची खरी गंमत तिच्या दुहेरी रंगात आहे. ताणा एका रंगाचा, बाणा (आडवे धागे) दुसऱ्या. निळ्या ताण्यावर गुलाबी बाणा टाकला की अंग जांभळं दिसतं आणि निरीच्या वळणावर गुलाबी चमकतं. फोनवरच्या फोटोत यातला एकच रंग येतो, म्हणून व्हॉट्सअॅपवर रंग पक्का करू नका. दुकानातल्या पिवळसर दिव्याखालीही नको; साडी दारात, उन्हाच्या उजेडात आणायला सांगा. पदर उलटा करून पाहा. हातमागावर प्रत्येक रंगाची तिल्ली, म्हणजे धाग्याची छोटी कांडी, वेगळी फिरते, त्यामुळे नक्षीतला मोर किंवा मुनिया (पोपट) दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मागे कापलेल्या धाग्यांचे शेंडे दिसले, तर ती यंत्रमागाची समजा.

घरच्या कार्याचे रंग दुकानदारांना तोंडपाठ असतात: मुहूर्ताला मामाकडची पिवळी, डोहाळजेवणाला हिरवी, संक्रांतीला काळी चंद्रकळा. यात येवल्याचा हात धरणारं कुणी नाही. राघू, म्हणजे पोपटी, आणि जांभळा हे दोन रंग तर इथे फारच सुरेख उतरतात. अडचण येते ती घराबाहेर साडी जाणार असेल तेव्हा. ‘लाल घ्या, सगळीकडे चालतो’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो अर्धाच बरोबर आहे.

पांढऱ्यापासून सुरुवात करू. शिरोदक ही शुभ्र पैठणी परंपरेतलीच, पण तयार माल कमी असतो. वैधव्याचा रंग म्हणून गिऱ्हाईक बिचकतं. खरं तर गिऱ्हाईक नाशिकमध्येच आहे. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा केली ती याच येवल्यात, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली ती शुभ्र वस्त्रांत. आज बौद्ध विवाहात वधू पांढरी साडी नेसते. शरणपूरच्या ख्रिस्ती घरांतही चर्चमधल्या लग्नाला पांढरी साडी चालत आली आहे. युरोपात ही चाल राणी व्हिक्टोरियाच्या १८४० सालच्या लग्नानंतर रुजली. केरळात सोनेरी काठाची कसवू लग्नालाही नेसतात, ओणमलाही. येवल्याच्या दुकानांनी शिरोदक पुढच्या फळीवर मांडायला हवी, असं आमचं ठाम मत आहे.

पांढरी विणून घेताना दोन गोष्टी सांभाळा. रेशीम खारवल्यावर, म्हणजे त्यावरचा नैसर्गिक डिंक काढल्यावर, मुळात मोतिया रंगाचं होतं. निळसर झाक असलेला झगझगीत पांढरा हवा असेल तर त्यावर चमक आणणारं रसायन लागतं, आणि असं रेशीम उन्हाने लवकर पिवळं पडतं. म्हणून मोतियाच मागा. दुसरं म्हणजे लाल काठ टाळून नुसता जरीचा काठ घ्या. लाल रंग नीट बसला नसेल, तर पहिल्याच ओलाव्याला तो अंगावर उतरतो आणि मग निघत नाही.

हीच शिरोदक चिनी कुटुंबाला आहेर म्हणून देऊ नका, तिथे पांढरा सुतकाचा. लाल आणि सोनेरी मात्र लग्नाचा, त्यामुळे लाल अंग आणि भरजरी पदर डोळे मिटून द्या. साडी पांढऱ्या मलमलीत गुंडाळून मिळते, ती काढून लाल वेष्टन घाला. जपानमध्ये वधूचा शिरोमुकू हा पोशाख पांढरा असतो आणि नवरा-नवरीच्या आया काळा किमोनो घालतात. त्यावर कमरेखाली नक्षी असते; नक्षी नसलेला काळा किमोनो अंत्यविधीचा. म्हणजे जपानी पाहुणीला चंद्रकळा द्यायला हरकत नाही, फक्त बुट्टे भरपूर आणि पदर जरीचा हवा. घानामध्ये मात्र अकान लोकांत लाल आणि काळा हेच अंत्यविधीचे रंग, आणि लाल काठाची चंद्रकळा नेमकी तीच जोडी आहे. तिथे हिरवी न्या.

थायलंडमध्ये वाराप्रमाणे रंग असतात, आपल्या नवरात्रासारखेच. पण जुळवणी वेगळी: आपल्याकडे सोमवार पांढरा, तिकडे पिवळा.

पैसे देण्याआधी ओला पांढरा रुमाल खोचायच्या बाजूला मिनिटभर घासा. लाल, राणी आणि मरून रंग सुटायची शक्यता सर्वांत जास्त. रंगवल्यावर जादाचा रंग पुरेसा धुतला नाही की असं होतं. रुमालावर हलकी झाक आली तरी ती साडी सोडा. रेशमासाठी सिल्क मार्कचं लेबल पाहा, आणि जरी तांब्याची की चांदीची हे बिलावर लिहून घ्या. तांब्याची लवकर काळवंडते, अत्तर लागलं तर आणखी लवकर, आणि पांढऱ्या-पिवळ्या अंगावर ते लगेच डोळ्यात भरतं.

साध्या पदराची पैठणीसुद्धा विणायला आठवडे लागतात, भरजरी असेल तर महिने. लग्न मार्गशीर्षातलं असेल तर रंगाचा नमुना म्हणून धाग्याची लडी घेऊन गणपतीच्या आधीच येवल्याला जा.