दंडावर चौदा दिवसांचा साखरेचा सेन्सर: एका पीसीओडीवालीचा अनुभव

पाचपैकी तीन तारे. एक तारा कंपनीच्या ग्राहकसेवेने घालवला आणि एक माझ्या खुळ्या अपेक्षेने. दुसऱ्याची शिक्षा कंपनीला का, असं कुणी विचारेल. पण जाहिरातच अशी करतात की अपेक्षा खुळी होते.

वस्तू अशी: दहाच्या नाण्याहून थोडी मोठी पांढरी चकती. दंडाच्या मागच्या बाजूला स्पिरिटने पुसायचं, डबी टेकवायची, दाबायची. खट् आवाज येतो. दुखत नाही, कान टोचण्याच्या निम्मंसुद्धा नाही. आत केसासारखी बारीक तार राहते आणि ती कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजते. रक्तातली नाही, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. आकडे मोबाईलवर येतात, रेघ वर-खाली होत राहते. किंमत पाच हजारांच्या घरात. माझ्या भिशीचा दोन महिन्यांचा हप्ता.

आता मी का घेतला. वय ३३, सांगलीत एका पतसंस्थेत कॅशियर. मला पीसीओडी, म्हणजे अंडाशयाच्या हार्मोनचा बिघाड. पाळी ४५ दिवसांनी आली तर लवकर आली म्हणायचं, एकदा ७० दिवस वाट बघितली. हनुवटीवरच्या केसांसाठी दर आठवड्याला पार्लर. वजन मात्र ५८ किलो, त्यामुळे ‘तुला कसं गं पीसीओडी, तू तर बारीक आहेस’ हे वाक्य मला पाठ आहे. खरी खूण मानेवर होती. दहावीत असताना आई दर रविवारी डाळीचं पीठ, हळद आणि दुधाची साय लावून माझी मान घासायची. “किती मळ साचवतेस गं!” तो मळ नव्हताच. रक्तात इन्सुलिन, म्हणजे साखर पेशींत पोचवणारं हार्मोन, सतत जास्त राहिलं की मानेची, काखेची कातडी जाड, काळपट, मखमलीसारखी होते. हे मला कळेपर्यंत मध्ये पंधरा वर्षं गेली. आई अजून हळहळते, “उगंच सोलून काढली पोरीची मान.”

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून तपासणी केली. उपाशीपोटी ९१, दोन तासांनी १३८. १४०च्या खाली नॉर्मल, म्हणजे पास, दोन मार्कांनी का होईना. मी लॅबच्या पॅकेजमध्ये उपाशीपोटीचं इन्सुलिनही करून आणलं होतं, ते २४. बाई त्यावर कुरकुरल्या. या तपासणीवर फार विसंबता येत नाही, लॅबगणिक आकडा बदलतो, रोजच्या वापरासाठी ती सुचवतच नाहीत, असं म्हणाल्या. पण माझी मान, पाळी आणि आईकडचा मधुमेह बघून गोष्ट त्यांच्या लक्षात आलेली होती.

गोष्ट अशी की स्नायू इन्सुलिनचं ऐकेनासे होतात. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून साखर जागेवर ठेवतं. रिपोर्ट नॉर्मल. पण अंडाशय काही बहिरं झालेलं नसतं. ते जास्तीचं इन्सुलिन तिथे पोचतं आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वाढवतं. शिवाय यकृत त्या हार्मोनला बांधून ठेवणारं प्रथिन कमी बनवतं, म्हणून मोकळं टेस्टोस्टेरॉन आणखी वाढतं. त्यातून हनुवटीचे केस. अंड्यांच्या पिशव्या पूर्ण वाढत नाहीत, अर्ध्यावर थांबतात, सोनोग्राफीत कडेने मोत्यांच्या सरीसारख्या दिसतात. आपण ज्यांना ‘गाठी’ म्हणून घाबरतो त्या याच.

माझ्या भाषेत सांगायचं तर संध्याकाळी रोकड जुळली, एवढंच रिपोर्ट सांगतो. ती जुळवायला किती जणांनी किती वेळा नोटा मोजल्या, ते त्यात येत नाही. आणि हा सेन्सर फक्त रोकड मोजतो. इन्सुलिन मोजणारी चकती अजून दुकानात मिळत नाही. बाईंनी मला हे आधीच सांगितलं होतं, “तुला गरज नाही, पैसे घालवू नकोस.” मी रील बघून हट्टाने घेतला.

तरीही मजा आली हे कबूल करते. लावला तो संक्रांतीच्या आठवड्यात, म्हणजे परीक्षेला बसायचं तर पूर्ण पेपरला. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि वांगं-घेवडा-गाजर-हरभऱ्याची भाजी पोटभर खाल्ली, तर रेघ १२६वर जाऊन निवांत उतरली. दुसऱ्या दिवशी दीड गुळपोळी तुपासह: १६३. मला वाटलं होतं दोनशे पार करेल. तूप आणि तिळाने वेग कमी केला असावा. खरा धक्का दिला संकष्टीच्या साबुदाणा खिचडीने. १७९! उपवास म्हणून खातो आपण. सकाळचे पोहे १६१, तेच पोहे आधी दोन उकडलेली अंडी खाऊन १३७. भडंगाची मूठ रिकाम्या पोटी नको. ज्वारीची भाकरी ‘साखरेला चांगली’ म्हणून मी तीन खायची. तीन म्हणजे तीनच, हे रेघेने दाखवलं. आधी भाजी-आमटी, मग भाकरी, असं उलटं जेवल्यावर १५५चे १३५ झाले.

सगळ्यात भारी प्रयोग चालण्याचा. रात्री जेवून मी आणि आमचे हे आमराई बागेत जायला लागलो. वीस मिनिटं, फार जोरात नाही, गप्पा मारत. घरी बसलं की जी रेघ दीड तास वरच रेंगाळायची ती बागेच्या दुसऱ्या फेरीतच वाकायची. चालताना पिंढऱ्या-मांड्यांचे स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढून घेतात, हे वाचलं होतं, पण मोबाईलवर दिसल्यावर ह्यांनीही चपला स्वतःहून पायात घालायला सुरुवात केली. आणि एक दिवस कॅशमध्ये सहा हजारांचा घोळ निघाला, तेव्हा दुपारचा चहासुद्धा न घेता माझी साखर ९०वरून ११८ झाली. घोळ सापडला (स्लिपवर सातचा एक वाचला होता), रेघ उतरली.

इथपर्यंत पाच तारे होते.

सहाव्या रात्री तीन वाजता मोबाईल ठणाणा करायला लागला. साखर ५८. मी घाबरून स्वयंपाकघरात, डब्यातली साखर चमच्याने तोंडात. सासूबाई उठल्या. “काय गं, बरं वाटंना व्हय?” त्या मधुमेहाच्या, त्यांच्याकडे बोट टोचायचं मशीन असतंच. टोचलं. ९४. चमचाभर साखर दोन मिनिटांत ५८चे ९४ करत नाही. मी त्याच दंडावर झोपले होते. तिथली कातडी दाबली गेली की कातडीखालच्या पाण्यात साखर कमी पोचते आणि मशीन खोटा आकडा दाखवतं. हे माहितीपत्रकात बारीक अक्षरात कुठेतरी असेलही, ॲपमध्ये मोठ्या अक्षरात हवं. सासूबाई परत झोपायला जाताना म्हणाल्या, “मला झालं पंधरा वर्सं, माझं मशीन कधी असं बोंबलत उठलं न्हाई.”

तेव्हापासून एक वाईट सवय लागली. दर दहा मिनिटांनी बघायचं. १४२ दिसलं की घास घशात. निरोगी माणसाची साखरही जेवणानंतर थोडा वेळ १४०च्या वर जाऊन येते, हे ॲप सांगत नाही, ते नुसती रेघ नारिंगी करतं. एका हळदीकुंकवाला मी तिळगूळ पदरात घेऊन तसाच घरी आणला. शेजारच्या काकूंनी विचारलंसुद्धा, “गोड बोलायचं नाही का आमच्याशी?” आणि खरं सांगायचं तर १२६च्या रेघेखाली किती इन्सुलिन खर्च झालं ते मला तेव्हाही कळत नव्हतं, आताही कळत नाही.

अकराव्या दिवशी तीही सुटका झाली. काठपदराची साडी, घट्ट बाहीचा ब्लाउज. घरी येऊन बाही उतरवताना चकतीची कड अडकली आणि चकती तारेसकट बाहेर. ग्राहकसेवेला फोन. पंचवीस मिनिटं बासरी ऐकली. मग विचारलं, बिल, खोका, चकतीवरचा नंबर, पडलेल्या चकतीचा फोटो, दंडाचा फोटो. दंडाचा कशाला? “प्रोसेस आहे मॅडम.” तीन वेळा तेच मेल पाठवलं. बदली सेन्सर एकवीस दिवसांनी आला, फुकट, हे खरं. पण तोपर्यंत रथसप्तमी होऊन गेली होती आणि माझ्या दंडावर चिकटपट्टीचा गोल लाल चट्टाही विरला होता. घेणाऱ्या बायकांनो, त्या दिवसांत सैल बाही घाला, आणि खोका फेकू नका.

मग घ्यावा का? मधुमेह असेल, इन्सुलिन टोचत असाल, तर डॉक्टरांना विचारून जरूर. नुसतं पीसीओडी असेल आणि साखर नॉर्मल असेल तर आधी त्या पैशात ७५ ग्रॅमची तपासणी करा, चालायचे बूट घ्या, तरी बरेच उरतील. मी दिवाळीपासून रात्रीच्या जेवणाबरोबर मेटफॉर्मिन, म्हणजे शरीराला इन्सुलिनचं ऐकायला लावणारी गोळी, घेते. पहिले दोन आठवडे पोटाने पतसंस्थेच्या बाथरूमचा रस्ता पाठ करून घेतला, मग बसलं. शेवटच्या तीन पाळ्या ४१, ३८ आणि ३६ दिवसांनी आल्या. गोळीमुळे, आमराईमुळे की आधी भाजी खाण्यामुळे, ते मी सांगू शकत नाही. पण आमराई सेन्सरमुळे सुरू झाली, म्हणून तीन तारे, नाहीतर दोनच होते.

बदली आलेला सेन्सर सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारून त्यांच्याच दंडावर लावला. चौथा दिवस आहे. काल दुपारी मी कामावरून फोन केला तर म्हणाल्या, “थांब, आता बोलू नगंस, माझी रेघ खाली यायला लागलीया.” मागून अंगणात चपला वाजत होत्या.