नागपुरात आंघोळीचं पाणी कशावर तापवावं? गिझर, गॅस, सोलर आणि हीट पंपाचा हिशेब

नवरात्र उरकलं की नागपुरात गिझरची चौकशी सुरू होते. दुकानदार सोलर दाखवतो, पुण्याचे नातेवाईक फोनवर सांगतात, "आम्ही दहा वर्षांपूर्वी सोलर लावलं, पैसे कधीच वसूल झाले." त्यांचं खरं आहे. पण त्यांचा हिशेब जसाच्या तसा आपल्याकडे लागू होत नाही, आणि हा लेख मुख्यतः त्याच कारणासाठी लिहितो आहे.

पुण्यात बहुतेक घरांत वर्षातले आठ-दहा महिने सकाळी गरम पाणी लागतं, बंगळूरूत जवळजवळ बारा महिने. आपल्याकडे? मार्चच्या शेवटी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी कोमट होतं, आणि मे महिन्यात त्याच नळाखाली हात धरवत नाही. २३ मे २०१३ ला या शहराने ४७.९ अंश पाहिले आहेत. त्या दिवसांत आपण गार पाण्यासाठी सकाळीच बादल्या भरून ठेवतो. उलट २०१८ च्या डिसेंबरअखेरीस पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. म्हणजे थंडी खरीच आहे, पण ती नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत, चार महिन्यांची. पावसाळ्यात म्हातारी माणसं, तान्ही मुलं आणि सर्दीचे दिवस सोडले तर बहुतेक घरं नळाच्या पाण्यावर भागवतात. म्हणून कोणतंही यंत्र घेण्याआधी पहिला प्रश्न हा: ते वर्षातले किती महिने चालणार, आणि किती महिने नुसतं गच्चीवर किंवा भिंतीवर बसून राहणार?

आता आकडा काढू. माणशी एक बादली, २० लिटर, ४० अंशांचं पाणी. जानेवारीच्या सकाळी टाकीतलं पाणी १८ अंशांचं धरा. चार माणसांचं ८० लिटर पाणी २२ अंशांनी तापवायचं म्हणजे १७६० किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात, म्हणजे दोन युनिटांहून किंचित जास्त. त्यात टाकीतून वाया जाणारी उष्णता, भांडी, एखादं डोकं धुणं मिळवलं की दिवसाला तीन युनिट. १२० दिवसांचे ३६० युनिट. महावितरणच्या महिना १०१ ते ३०० युनिटांच्या टप्प्यात वहन आकार आणि वीज शुल्क धरून मी युनिटला १२ रुपये घेतले आहेत. तुमच्या बिलावर जो पडत असेल तो घाला. वर्षाचे झाले साधारण ४,३०० रुपये. पुढची सगळी तुलना या एका आकड्यावर उभी आहे. शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहण्याची सवय असेल तर हा आकडा सहज तिप्पट होतो, कारण साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सोडतो.

साधा गिझर

चार माणसांच्या फ्लॅट स्कीममधल्या घराला, जिथे गच्ची सगळ्यांची आणि कोणाचीच नाही, तिथे मी सरळ पाच स्टारचा साठवणीचा गिझर घ्या म्हणतो. पाणी तापवण्याचं काम सगळे विजेचे गिझर सारखंच करतात. विजेतून उष्णता जवळपास पूर्णच पाण्यात जाते. फरक पडतो तो पाणी तापून बसल्यावर टाकीतून जी उष्णता झिरपते तिथे. स्टारच्या लेबलवर हाच आकडा छापलेला असतो, चोवीस तासांत किती युनिट वाया जातात तो. दुकानात रंग आणि डिस्प्ले बघण्याआधी तो वाचा.

आकार घेताना लोक उगाच मोठा घेतात. १५ लिटरच्या टाकीत ६० अंशांचं पाणी असेल तर गार पाणी मिसळून ४० अंशांचं २८ लिटर होतं, २५ लिटरच्या टाकीतून ४७ लिटर. म्हणजे पंधराचा एका माणसाला पुरून उरतो, पंचवीसचा दोघांना. दोन किलोवॅटचा गिझर १५ लिटर पाणी १८ वरून ६० वर न्यायला वीस-बावीस मिनिटं घेतो, २५ लिटरला सदतीसच्या आसपास. घरातली माणसं पाठोपाठ आंघोळ करत असतील तर पंधराचा पुरतो. रात्रीच बटण दाबून ठेवायची सवय मात्र सोडा. आंघोळीआधी अर्धा तास पुरे.

आपल्याकडची खरी अडचण पाण्याची आहे. पेंच आणि कन्हानचं नळाचं पाणी ज्यांच्याकडे येतं त्यांचं ठीक. पण बेसा, बेलतरोडीकडच्या अनेक ले-आउटमध्ये घर बोरिंगवर चालतं, आणि बोरिंगच्या पाण्यातला क्षार गिझर खातो. अशा घरातला दोन हिवाळे चाललेला गिझर मिस्त्रीने उघडला की बघून घ्या: हीटिंग एलिमेंटवर पांढरट, चुन्यासारखा जाड थर असतो, नखाने खरवडला तर पापुद्रे निघतात. शेजारी मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड असतो, तो बोटाएवढ्या जाडीचा असायला हवा, तो झिजून तारेसारखा उरलेला दिसतो. हा रॉड टाकीऐवजी स्वतः गंजतो, त्याचं कामच ते. तो संपला की गंज टाकीला लागतो. रॉड काही शे रुपयांत येतो, टाकी फुटली की गिझर भंगारात. त्यामुळे बोरिंग असेल तर दरवर्षी दिवाळीआधी एकदा गिझर उघडून घ्या, आणि थर्मोस्टॅट ६० च्या वर नेऊ नका. पाणी जितकं जास्त तापतं तितका क्षार भराभर बसतो.

बादलीत टाकायच्या रॉडबद्दलही लोक विचारतात. विजेच्या दृष्टीने तो वाईट नाही. दीड किलोवॅटचा रॉड एक बादली अर्ध्या युनिटपेक्षा थोड्या जास्त विजेत बावीस-तेवीस मिनिटांत तापवतो, आणि साठवण नसल्याने वाया काही जात नाही. पण लहान मुलं असलेल्या घरात तो नकोच. आणि ज्या घरात अर्थिंगची खात्री नाही, मुख्य पेटीत विजेची गळती धरणारा आरसीसीबी बसवलेला नाही, तिथे रॉड काय, गिझरसुद्धा लावण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

गॅस गिझर

पैशांत गॅस स्वस्त पडतो, हे कबूल करायला हवं. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून गिझरच्या कार्यक्षमतेसह साधारण १४० युनिटांएवढी उष्णता पाण्यात उतरते. सिलिंडर नऊशेच्या आसपास धरला तर एका युनिटाएवढी उष्णता साडेसहा रुपयांच्या आत मिळते. वर धरलेल्या घराला हिवाळाभर दोन-सव्वादोन सिलिंडर लागतील, म्हणजे विजेच्या निम्म्याहून कमी खर्च. यंत्रही स्वस्त.

तरीही बाथरूमच्या आत गॅस गिझर लावायला माझा ठाम विरोध आहे. गॅस जळताना प्राणवायू खातो, आणि तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. माणूस गुंगी आल्यासारखा खाली बसतो आणि आत कडी लावलेली असते. हिवाळ्यात आपण नेमकं काय करतो? थंडी लागते म्हणून बाथरूमची खिडकी बंद करतो, व्हेंटिलेटरला पुठ्ठा लावतो. दरवर्षी देशात यात माणसं जातात, त्यात तरुण मुलं-मुली असतात. गॅसच घ्यायचा तर यंत्र बाहेर, उघड्या बाल्कनीत किंवा मागच्या वाड्यात, आणि फक्त पाण्याची नळी आत. तेवढी सोय नसेल तर वर्षाला वाचणाऱ्या दोन-अडीच हजारांसाठी हा धोका घेऊ नका.

गच्चीवरचं सोलर

ज्यांचं स्वतःचं घर आहे, गच्ची मोकळी आहे आणि घरात सात-आठ माणसं आहेत, त्यांच्यासाठी खरी तुलना इथे सुरू होते.

नागपूरचा हिवाळा सोलरला अनुकूल आहे. आभाळ बहुतेक दिवस निरभ्र, ऊन कडक. दोन प्रकार मिळतात: काचेच्या निर्वात नळ्यांचा ईटीसी आणि सपाट तांब्याच्या पत्र्याचा एफपीसी. शंभर लिटरचा ईटीसी वीस हजारांच्या आसपास बसतो, दोनशेचा तीस हजारांच्या आसपास. एफपीसी बराच महाग. एफपीसी जास्त टिकतो, गारपिटीत आणि माकडांच्या उड्यांत नळ्यांपेक्षा तग धरतो. पण त्याच्या बारीक तांब्याच्या नळ्या बोरिंगच्या क्षाराने तुंबतात आणि साफ करणं जिकिरीचं होतं. ईटीसीची नळी काढून धुता येते, फुटली तर एकटी बदलता येते. म्हणून बोरिंगवाल्या घराला ईटीसी, नळाचं गोडं पाणी असेल आणि पैसे असतील तर एफपीसी.

आता वसुली. चार माणसांच्या घराचे वर्षाला फार तर चार हजार वाचतील, कारण ढगाळ दिवसांत वीज लागतेच. वीस हजारांच्या यंत्राला पाच वर्षं, तीस हजारांच्याला सात-आठ. आठ माणसांच्या घरात हाच तीस हजारांचा सेट चार वर्षांत फिटतो. जिथे आजी-आजोबांना पावसाळ्यातही ऊन पाणी लागतं तिथे आणखी लवकर. यंत्र दहा-पंधरा वर्षं चालतं, तेव्हा मोठ्या कुटुंबाला ते नक्की परवडतं. केंद्राचं यावरचं अनुदान २०१४ मध्ये बंद झालं, त्यामुळे "सबसिडीवर सोलर गिझर" असं कोणी सांगितलं तर लेखी मागा.

बसवताना दोन-तीन गोष्टींवर सगळं अवलंबून असतं. तोंड दक्षिणेला. कल सहसा अक्षांशाएवढा, म्हणजे २१ अंश ठेवतात, पण आपल्याला पाणी हिवाळ्यातच हवं आहे, आणि २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य इथे जेमतेम ४५ अंश वर असतो. तेव्हा कल ३० ते ३५ अंश करून घ्या. दक्षिणेला शेजारच्याने मजला चढवला असेल तर डिसेंबरमध्ये दुपारी सावली कुठवर येते ते आधी बघा. जूनमधली सावली बघून फसायला होतं. गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच हवी. गरम पाण्याची लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची, आणि वरून फोम गुंडाळलेली. तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत पंधरा मीटर पाइप पाऊण इंची असेल तर गरम पाणी यायच्या आधी चार लिटर गार पाणी पडतं. ते बादलीत धरा.

टाकीत बसवून देतात त्या विजेच्या बॅकअप हीटरच्या भरवशावर राहू नका. ढगाळ दिवशी तो दोन बादल्यांसाठी अख्खं दोनशे लिटर तापवतो, पाच-सहा युनिट गेलेच. त्यापेक्षा बाथरूममध्ये तीन लिटरचा छोटा गिझर वेगळा असू द्या.

आणि उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये कोणी वापरत नाही, पाणी आत उकळत राहतं, नळ्यांवर क्षाराचं जाड पूट चढतं. आपल्याकडे कूलरच्या वेळी जी हिरवी जाळी आणतो, तीच दुहेरी करून नळ्यांवर बांधा. टाकी रिकामी मात्र सोडू नका. तापलेल्या कोरड्या नळीत दुपारी गार पाणी गेलं की ती तडकते.

हीट पंप

हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो, फ्रिज आतली उष्णता मागे फेकतो तसाच. त्यामुळे एक युनिट विजेत तीन युनिटांएवढं पाणी तापतं. पहाटेच्या गारठ्यात थोडं कमी, म्हणून तो दुपारी चालवायचा. यंत्र फार चांगलं आहे. पण घरगुती मॉडेल साठ हजारांपासून लाखापर्यंत जातं, आणि आपल्या चार माणसांच्या घरात वर्षाला वाचतात २४० युनिट, म्हणजे २,९०० रुपये. वीस ते चौतीस वर्षं थांबावं लागेल, तितकं ते टिकणारही नाही. हॉस्टेल, लहान दवाखाना, मंगल कार्यालय यांना मात्र जरूर विचारात घ्यायला सांगेन. तिथे गरम पाणी रोज आणि भरपूर लागतं.

मग छतावरची वीज?

इथे नागपूरकराने थोडं थांबून विचार करावा असं मला मनापासून वाटतं. पाणी तापवणारं सोलर आपल्याकडे आठ महिने जवळजवळ नुसतं बसून राहतं. वीज बनवणारं सोलर त्याच आठ महिन्यांत कूलर, एसी आणि फ्रिज ओढतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. इथल्या उन्हात एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतं, म्हणजे तीन किलोवॅटचे महिन्याला ३६० युनिट. चार माणसांच्या घराला आख्ख्या हिवाळ्यात गिझरला लागतात तेवढेच. म्हणजे एका महिन्याच्या उत्पादनात वर्षभराचं आंघोळीचं पाणी निघालं, बाकी अकरा महिने इतर बिलाला. आधी गुंतवणूक मोठी, दोन लाखांच्या आसपास. जागाही तीनशे चौरस फूट लागते. पण गच्ची एकच असेल आणि सोलर हीटर की पॅनेल असा प्रश्न असेल, तर चौघांच्या घराला मी पॅनेल आणि साधा पाच स्टार गिझर सांगेन. तेव्हा गिझर दुपारी एक-दोनला लावून रात्री आंघोळ केली तर आणखी उत्तम, वीज थेट पॅनेलची वापरली जाते.

हे सकाळ-दुपारचं बोलणं नुसतं पैशांचं नाही. सकाळी सहा ते आठ, सगळ्या शहराचे गिझर चालू असतात तेव्हा ऊन नसतं, आणि कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रांवर भार येतो. एका युनिटला सातशे ग्रॅमच्या आसपास कोळसा जळतो. तीनशे साठ युनिटांचा अडीचशे किलो. त्याची राख आणि धूर कोराडी, महादुला, खापरखेड्याच्या लोकांच्या छपरांवर, विहिरींवर, छातीत जातो. ती माणसं आपल्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहतात. मी गिझर टाळा म्हणत नाही, पण रात्रभर चालू राहिलेल्या गिझरचा हिशेब तिथेही मांडावा लागेल.

घेणार असाल तर ऑक्टोबरमध्येच घ्या. डिसेंबरमध्ये मिस्त्री मिळत नाही आणि घाईत कल, सावली, पाइपचं फोम यातलं काहीतरी राहून जातं. बिलावर टाकीची आणि नळ्यांची वॉरंटी वेगवेगळी लिहून घ्या, बोरिंगच्या पाण्याला वॉरंटी लागू आहे का ते विचारा, आणि आधी पाण्याचा नमुना तपासून त्यातला कठीणपणा, म्हणजे क्षार, किती हे हातात ठेवा. तो आकडा दाखवला की दुकानदार ईटीसी-एफपीसीबद्दल उगाच फिरवाफिरवी करत नाही.